स्पेसर बसवलेली गाडी, नाकारलेला विमा आणि एका तारखेचे महत्त्व

निपाणीच्या एका वाचकांनी पाठवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. त्यांनी जुनी पोर्शे बॉक्स्टर विकत घेतली. ऑगस्टमध्ये विम्याचे नूतनीकरण केले आणि दिवाळीच्या सुमारास बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर वीस मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियमचे स्पेसर, म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसते तो हब यांच्यामध्ये घालायच्या चकत्या, करून घेऊन एका गॅरेजात मागच्या चाकांना बसवले. पुढे चोर्ला रस्त्यावर जांबोटीजवळ डाव्या मागच्या चाकाचे बोल्ट तुटले, चाक निखळले आणि गाडीच्या धडकेने एका दुचाकीस्वाराचा पाय मोडला. विमा कंपनीने ‘न कळवलेला बदल’ म्हणून गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला आहे, परिवहन कार्यालयाची नोटीस आली आहे आणि गॅरेजवाले हात वर करीत आहेत. स्पेसर आधीच्या मालकानेच बसवले होते असे सांगावे, हा मित्राचा सल्ला मानावा का, असे ते विचारतात.

मानू नये, आणि केवळ खोटे बोलू नये एवढ्यासाठीच नव्हे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 150 नुसार जखमी व्यक्तीची भरपाई टाळण्यासाठी विमा कंपनीला मोजकेच बचाव उपलब्ध आहेत, आणि त्यांतला एक म्हणजे महत्त्वाची माहिती दडवून विमा घेतला गेला हा होय. स्पेसर आधीपासून होते असे आपण म्हटलेत, तर ऑगस्टमध्ये ते दडवून नूतनीकरण केले, असे आपणच लिहून दिल्यासारखे होईल. खरी तारीख दिवाळीची आहे. विमा त्याआधीचा आहे. म्हणजे विमा घेताना आपण काही लपवले नव्हते. आपल्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट हीच आहे आणि मित्राचा सल्ला नेमकी तीच घालवतो. कारखान्याची पावती, फोनवरून केलेला भरणा, गॅरेजशी झालेले संदेश, जे जे ही तारीख दाखवते ते आजच एकत्र करा.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. प्रचलित पॉलिसीत वाहन सुस्थितीत ठेवण्याची आणि हानी टाळण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची अट असते, आणि कंपनी तिच्यावर बोट ठेवील. परंतु अट मोडली गेली आणि त्याचा अपघाताशी संबंध आहे, हे दाखवण्याचा भार कंपनीवर आहे. म्हणून बोल्ट का तुटले, यावरच सगळे ठरेल. या गाडीचे चाक 5×130 च्या मांडणीत पाच बोल्टांनी बसते आणि हबच्या 71.6 मिलिमीटरच्या कडेवर मध्य धरते. स्पेसरला तशी कड काढलेली नसेल, तर चाकाचा मध्य राखण्याचे कामही बोल्टांवर येते. स्पेसर वीस मिलिमीटरचा असताना मूळचेच बोल्ट वापरले असतील, तर आट्यांची पकड अपुरी राहते; आणि चाक बाहेर सरकल्यामुळे हब व बेअरिंगवरचा ताणही वाढतो. यातले काय घडले, हे तुटलेल्या बोल्टांच्या भंगलेल्या पृष्ठभागावरून धातुतज्ज्ञाला बरेचसे सांगता येते. ते बोल्ट आणि दोन्ही स्पेसर पोलिसांच्या महजरात (पंचनाम्यात) नोंदले गेले आहेत का ते पाहा. नसतील तर नोंदवण्याचा लेखी अर्ज द्या, आणि स्वतः ते काढू, घासू किंवा बदलू नका.

कंपनीकडे प्रथम लेखी तक्रार करा. ती फेटाळली गेली किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षे खुला असतो, पण त्याच विषयाचे प्रकरण आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवा. अटीचा भंग झाला तरी दावा पूर्ण फेटाळण्याऐवजी पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या अमलेंदु साहू प्रकरणात मान्य केला आहे. ते प्रकरण भाड्याने दिलेल्या गाडीचे होते, त्यामुळे ते आपल्याला जसेच्या तसे लागू होईल असे मी म्हणणार नाही. पण तडजोडीचा आधार म्हणून ते जरूर मांडा.

परिवहन कार्यालयाच्या नोटिशीचे उत्तर मुदतीत द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील जयचंद्र प्रकरणात हे ठामपणे सांगितले आहे. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा फेरफार की ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते. सुटा काढता येणारा स्पेसर त्यात बसतो का, हा युक्तिवाद आपल्याकडे आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. कारण कलम 182अ मध्ये नियमबाह्यपणे भाग बसवण्याचा स्वतंत्र उल्लेख असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्पेसर कायमचे काढल्याची आणि मूळ जोडणी पूर्ववत केल्याची तपासणी करून घ्या, पण ती पुराव्याची नोंद झाल्यानंतरच.

सीमाभागातील वाचकांना मी नेहमी सांगतो ते इथेही लागू आहे: कन्नडमधील महजर, नोटीस किंवा विमा कंपनीच्या सर्वेक्षकापुढील जबाब समजल्याशिवाय त्यावर सही करू नका, मजकूर मराठीत समजावून घ्या आणि प्रत मागून घ्या. उत्तर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये दिल्यास वेळ वाचतो.

गॅरेज आणि कारखाना यांच्याविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार आपण राहता त्या बेळगाव जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि त्यांना दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. ‘तुम्हीच मागितले’ हे त्यांचे म्हणणे पुरेसे नाही. किती लांबीचे बोल्ट लागतात आणि ते टॉर्क रेंचने किती आवळायचे, हे त्या कामात मुरलेल्या माणसाने जाणले पाहिजे, ग्राहकाने नव्हे.

दुचाकीस्वाराने अपघातापासून सहा महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईसाठी अर्ज केला, तर आपल्याला नोटीस येईल. ती आली की हजर राहा आणि लगेच विमा कंपनीला कळवा. गैरहजर राहिलात, तर त्याला भरपाई कंपनीने द्यावी आणि ती आपल्याकडून वसूल करावी, असा आदेश आपली बाजू न ऐकताच होऊ शकतो. तोपर्यंत त्याच्या उपचाराची विचारपूस करा. पाय त्याचा मोडला आहे.