जपानी आकडे शंभरपर्यंत येतात, पुढे काय?

"शंभरपर्यंत पाठ झालंय, टोकियोत पहिले काही महिने तेवढ्यावर निभेल का?" असं विचारलंत. दुकानात निभेल. गल्ल्यावर रक्कम पडद्यावर दिसतेच.

मुळात शंभरपर्यंतचं जपानी सोपंच आहे. एकवीस म्हणजे 'नि-ज्यू-इचि', सरळ 'दोन दहा एक'. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' छापलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! इथली पोरं तसंच मोजत मोठी होतात. एकोणसाठ-एकोणसत्तरमधून पार पडलेल्या माणसाला हे एका संध्याकाळचं काम.

खरी मेख दहा हजारांना आहे. त्याला 'ज्यू-सेन' म्हणजे 'दहा हजार' नाही, 'इचि-मान' म्हणतात, आणि पुढे कोटीपर्यंतची मोजणी मानातच. घरभाडं 85,000 येन असेल तर एजंट म्हणणार 'हाचि-मान गो-सेन'. कागदावर स्वल्पविराम मात्र तीन-तीन अंकांवर, म्हणजे डोळा एक सांगतो नि कान दुसरंच. इथे इंग्रजीतून विचार करायला गेलात की फसलात. आपला लाख धरा: ज्यू-मान म्हणजे लाख, ह्याकु-मान दहा लाख, सेन-मान एक कोटी. 'सान-ज्यू-मान' ऐकलं की माझ्या डोक्यात आजही आधी 'तीन लाख' उमटतं. 300, 600, 800 चे उच्चार तेवढे वेगळे पाठ करा: साम्ब्याकु, रोप्प्याकु, हाप्प्याकु.

तारखांना मात्र भरपूर वेळ द्या. चार तारीख 'योक्का', आठ तारीख 'योऽका'. दाताच्या दवाखान्यानं फोनवर दिलेली चार तारीख मी आठ समजले आणि आठला सकाळी टेचात जाऊन उभी राहिले. रिसेप्शनवरची मुलगी इतक्या अदबीनं माफी मागत होती की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून तारखेबरोबर वार विचारतेच: "मोकुयोऽबी देस् का?" गुरुवारच ना? एक तारीख 'त्सुइताची' आणि वीस तारीख 'हात्सुका', यांना तर कुठलाच नियम नाही.

वस्तू मोजायचे प्रत्यय ढीगभर आहेत. आपण 'तीन जण', 'चार नग' म्हणतो तसंच, फक्त इथे तिकिटांना 'माइ', बाटल्यांना-छत्र्यांना 'होन'. सुरुवातीला नका अडकू त्यात. हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु असं दहापर्यंत शिका, समोरचा समजून घेतो. माणसांसाठी तेवढं 'हितोरि' आणि 'फुतारि', एकटी नि दोघं.

आणि वॉर्ड ऑफिसचे फॉर्म. त्यांवर बऱ्याचदा सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष लिहावं लागतं. सध्या रेइवा चालू आहे, इसवी सनातून 2018 वजा करा, की 2025 झालं रेइवा 7. जन्म 1990 ते 2018 मधला असेल तर ते हेइसेइ, 1988 वजा करायचे. 1994 म्हणजे हेइसेइ 6. स्वतःचं वर्ष आत्ताच काढून फोनमध्ये लिहून ठेवा, खिडकीपाशी वजाबाकी सुचत नाही.