गिअर हार्ड पडतोय म्हणजे क्लच प्लेटच गेली असं नाही

तुम्ही लिहिलंय की इंजिन चालू असताना पहिला गिअर जोर लावल्याशिवाय पडत नाही, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो, आणि गॅरेजवाला थेट क्लच सेट बदलायला सांगतोय. गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी घरीच पाच मिनिटं घालवा.

इंजिन बंद करा, क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीतही अडकत असतील तर दुखणं लिव्हरच्या केबलमध्ये, लिंकेजमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या आत आहे. बंद असताना अलगद पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल तळाला गेलं तरी क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) घासत राहते, त्यामुळे गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो. खात्री करायची तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच दाबा, पाच आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. तरीही खर्रर्र आवाज आला तर क्लच सुटत नाहीये. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारी रिंग) नसतो, म्हणून पहिली तक्रार तोच करतो.

आता गंमत बघा. झिजलेली प्लेट सहसा याच्या उलट वागते: ती नीट पकडत नाही. चढावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही. तुमचा क्लच तर सोडत नाहीये. प्लेट वाकली असेल, पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहून गंजली असेल किंवा प्रेशर प्लेटचं (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचं) काही तुटलं असेल, तर तसंही होतं. पण ते बघायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणून ते शेवटी.

माझ्या जुन्या गाडीचं आंबा घाट उतरताना असंच झालं. दुसरा गिअर पडेना. घाबरून पेडल दोन-तीनदा पटापट मारलं आणि गिअर लोण्यासारखा पडला. तसाच पंपिंग करत घरी आलो. एका गॅरेजने मलाही क्लच सेटचा खर्च सांगितला होता. दुसऱ्या, जरा म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. पेडलच्या वर बोट फिरवलं आणि ओलं बोट मला दाखवलं. मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबल्यावर क्लचकडे ऑइल ढकलणाऱ्या भागातून) ऑइल आत झिरपत होतं. सिलिंडर बदलला, एअर काढली, काम झालं.

तर तुमचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा असेल तर पंप केल्यावर फरक पडतो का ते बघा, आणि डबीतलं ऑइल तपासा. (अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. पातळी उतरली असेल तर नुसती भरून पुढे जाऊ नका, ते गेलं कुठे ते शोधा.) क्लच वायरवर चालत असेल तर पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढं मोकळं जातं ते) वाढलाय का आणि वायरचे धागे तुटायला लागलेत का ते पाहायला सांगा. अॅडजस्टमेंट किंवा नवी वायर हा सेटच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे. हो, आणि पेडलखाली दुमडलेली मॅट! हसू नका, त्यानेही पेडल तळापर्यंत जात नाही.

एवढं करूनही फरक नसेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवू द्या. मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं) एकदमच बदला, कारण मजुरी तीच लागते. काही हायड्रॉलिक गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर (मास्टरकडून आलेल्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) बेअरिंगसकट आतच असतो. तुमच्यात तसा असेल तर तोही त्याच वेळी.