जायकवाडीच्या गाळपेरीत नकली हंस मांडले तर राजहंस, म्हणजे पट्टकादंब, फोटोसाठी जवळ येतील का? शिकारी लोकांसारखी हंगामागणिक मांडणी बदलावी लागते का?

येतीलही, पण मांडू नका. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिमालय ओलांडून आलेल्या पाखराला फसवून उतरवायचं, मग उठवायचं, यात त्याचं चरणं बुडतं.

शिकाऱ्यांची विद्या मात्र समजून घ्या. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. अमेरिका-कॅनडात ती परवान्यावर चालते. तिथे सुरुवातीला थोडेच पुतळे ठेवतात, चार-सहाच्या घोळक्यांनी, मध्ये जागा सोडून, कारण तेव्हा हंस कुटुंबाकुटुंबाने फिरतात. थंडीत उत्तरेचे मोठे थवे आले की पुतळे वाढवून दाटीने मांडतात. हंगामाच्या शेवटी पाखरं शहाणी झालेली असतात, म्हणून पुन्हा मोजकेच. हंस वाऱ्याला छाती देऊन उतरतो, म्हणून मांडणी घोड्याच्या नालेसारखी आणि उघडी बाजू वारा जातो तिकडे. बहुतेक पुतळ्यांच्या माना खाली, चरत असल्यासारख्या. ताठ माना जास्त दिसल्या की थवा बिचकतो.

ही मानेची गोष्ट मी आमच्या गाळपेरीत दर हिवाळ्यात बघतो. पाणी हटलं की ओल्या गाळात आम्ही गहू-हरभरा पेरतो आणि राजहंस पहाटे कोवळ्या पात्यांवर उतरतात. सगळे खाली मान घालून कुरतडत असतात, एखादाच काठीसारखी मान धरून उभा. डोक्यामागचे दोन काळे पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतक्या जवळ मी बसलोय. एका मानेच्या चार झाल्या की मी हात थांबवतो. दहा झाल्या की मागे सरकतो.

तुम्ही वाऱ्याचं गणित वापरा. हिवाळ्यात आमच्याकडे सकाळी वारा बऱ्याचदा उगवतीकडून असतो. तेव्हा चरायच्या जागेच्या पूर्वेला, बेशरमीच्या झुडपाआड, उजाडायच्या आत जाऊन बसा. ऊन पाठीशी राहतं आणि हंस पाय पुढे काढून तुमच्याकडे तोंड करूनच खाली येतात. वारा फिरला तर दुसऱ्या दिवशी जागा बदला; थवा चरत असताना उठू नका.

डिसेंबर-जानेवारी उत्तम. फेब्रुवारीनंतर परतीच्या प्रवासासाठी ते अंगात चरबी साठवत असतात, तेव्हा आणखी लांब बसा. वनविभागाची परवानगी घ्या, आणि ज्याची गाळपेर आहे त्याला आदल्या दिवशीच विचारा. पिकाचं जे जातं ते त्याचं जातं.