भाचीला पीकेयू आहे, जन्मभर वरण-भात नाही का?

तुम्ही विचारलंय: दीड महिन्याच्या भाचीला पीकेयू निघाला, डॉक्टर फेनिलअलनाइन मोजून द्या म्हणतात, मग अंगावरचं दूध बंद का, आणि पुढे वरण-भातही नाही का?

पीकेयू म्हणजे जन्मजात आजार: फेनिलअलनाइन हा प्रथिनांमधला एक घटक (अमिनो आम्ल) शरीराला मोडता येत नाही, तो रक्तात साठतो आणि मेंदूला इजा करतो. माझ्या मुलाला हेच आहे, नऊ वर्षांचा आहे, शाळेत जातो, भांडतो. (आमच्या सासूबाईंना पहिले दोन महिने फेनिलअलनाइन म्हणजे फरशी पुसायचं फिनाइल वाटत होतं.)

अंगावरचं दूध बहुतेकदा पूर्ण बंद होत नाही. आईच्या दुधात हे अमिनो आम्ल गाईच्या दुधाच्या साधारण एक तृतीयांशच असतं. ते काढून टाकलेली खास पावडर आणि अंगावरचं, दोन्ही मिळून चालतं. प्रमाण ठरतं ते टाचेतून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून. आमचे डॉक्टर रक्तातल्या फेनिलअलनाइनचा आकडा लिटरला १२० ते ३६० मायक्रोमोलमध्ये ठेवायला सांगतात. शून्यही करायचं नाही हं! शरीराला ते थोडं लागतंच आणि स्वतः बनवता येत नाही. फारच कमी पडलं तर वाढ अडते.

आता वरण. एक ग्रॅम प्रथिनात ढोबळ ५० मिलिग्रॅम फेनिलअलनाइन. माझ्या मुलाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम चालतं, म्हणजे जेमतेम सहा ग्रॅम प्रथिन. मूठभर तूरडाळीत दिवस संपला. म्हणून डाळ, दूध, पनीर, अंडं नाहीच, आणि भात वजनकाट्यावर. प्रथिनांची बाकी गरज ती पावडर भागवते, दिवसातून तीनदा. वास उग्र असतो, पण तान्हेपणापासून सवय असली की मुलं पितात.

आमचा आधार साबुदाणा. त्यात प्रथिन नसल्यातच जमा. तूप, जिरं, मिरची आणि मोजलेला बटाटा घालून खिचडी, दाण्याचा कूट मात्र नाही. पहिल्यांदा केली तेव्हा कुटाविना गोळा झाला. आता साबुदाणा कमी पाण्यात भिजवते आणि तूप थोडं जास्त. सासूबाई म्हणतात, 'याची रोजच एकादशी.' पण उपासाचं सगळं चालतं असं धरू नका. भगर आणि राजगिऱ्यात प्रथिन आहे. त्यावरून एकदा आमचा आकडा ५०० च्या वर गेला होता.

शुगरफ्री गोळ्या, डाएट कोला, कधी औषधाचं सिरपसुद्धा: लेबलवर अ‍ॅस्पार्टेम दिसलं की नको, ते फेनिलअलनाइनपासूनच बनतं. ताप आला तर लगेच डॉक्टरांना फोन, कारण पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं आणि आकडा चढतो.

तुमच्या बहिणीला आज एवढंच सांगा: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या आणि मोजलेलं लिहायला वही घाला. आमची चौथी वही चालू आहे.