बेटावरच्या घरासाठी वाकडचा फ्लॅट विकावा का?

पत्र : आम्ही सहा वर्षांपूर्वी पुण्याहून डब्लिनला आलो. मी येथील एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. यजमान सॉफ्टवेअर कंपनीत असून आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करतात. दोघांकडेही आता स्टॅम्प फोर, म्हणजे वेगळ्या वर्क परमिटशिवाय येथे राहून काम करण्याची परवानगी आहे. मुलगी सहा वर्षांची आहे आणि पहिलीत जाते. घराला महिना २,२५० युरो भाडे जाते, त्यामुळे डब्लिनमध्ये स्वतःचे घर घेण्याचा विचारही करवत नाही. आयरिश सरकार बेटावर राहायला जाणाऱ्यांना ८४,००० युरो देते, असे यजमानांच्या वाचनात आले आणि डोनेगलच्या किनाऱ्याजवळील अरनमोर बेटाने त्यांना झपाटले. ऑगस्टमध्ये आम्ही तेथे चार दिवस राहूनही आलो. जागा सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. आता वाकडचा फ्लॅट विकायचा, त्या पैशांत बेटावरचे एक पडके घर घ्यायचे आणि सरकारी अनुदानातून ते उभे करायचे, असा त्यांचा बेत आहे. माझ्या नोकरीचे काय, असे विचारले की ‘नर्सला कुठेही काम मिळतं’ असे उत्तर येते. नाही म्हटले तर पुढची वीस वर्षे ‘तुझ्यामुळे राहिलं’ हे ऐकावे लागेल, आणि हो म्हटले तर आपण काय गमावले हे मला तिथे गेल्यावरच कळेल. मी काय करावे?
द्विधेत सापडलेली, डब्लिन

उत्तर :

प्रथम त्या ८४,००० युरोंचा निकाल लावू, कारण तुमच्या घरातला सगळा वाद त्या आकड्यावर उभा आहे आणि तो आकडा तुमच्या यजमानांनी चुकीचा वाचला आहे. चूक त्यांची एकट्याची नाही. आयर्लंडने जून २०२३ मध्ये बेटांसाठी दहा वर्षांचे धोरण जाहीर केले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘बेटावर राहायला या आणि पैसे घ्या’ अशा थाटात बातम्या छापल्या होत्या. बेटावर राहायला गेल्याबद्दल सरकार कोणालाही एक युरोही देत नाही. ही रक्कम रिकाम्या घराच्या दुरुस्तीसाठी आहे. आयर्लंडभर लागू असलेल्या या योजनेत रिकाम्या घराला ५०,००० आणि मोडकळीस आलेल्या घराला ७०,००० युरोंपर्यंत अनुदान मिळते. पूल किंवा बांध घालून मुख्य भूमीशी न जोडलेल्या बेटांवर बांधकामाचे सामान बोटीने न्यावे लागते आणि खर्च वाढतो, म्हणून तेथे ही मर्यादा प्रत्येकी वीस टक्क्यांनी वाढवून ६०,००० आणि ८४,००० केलेली आहे. म्हणजे ८४,००० हा आकडा मोडकळीस आलेल्या घरासाठीचा आहे, तोही कमाल मर्यादा म्हणून.

याला जोडून ज्या अटी आहेत त्या बातमीत सहसा नसतात. घर किमान दोन वर्षे रिकामे असावे लागते आणि ते सिद्ध करावे लागते. विजेची बिले इथे उपयोगी पडतात. ते २००७ पर्यंत बांधलेले असावे लागते. अर्ज मंजूर होण्यापूर्वी काम सुरू करून चालत नाही. पैसे साधारणपणे काम पुरे झाल्यावर आणि स्थानिक काउंटी कौन्सिलच्या माणसाने ते पाहिल्यावर हातात पडतात, म्हणजे गवंडी, सुतार, प्लंबर आणि बोटीचे भाडे हे सगळे आधी तुमच्या खिशातून जाते. घर पाच वर्षांच्या आत विकले तर अनुदान पूर्ण परत करावे लागते, आणि पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान विकले तर पंचाहत्तर टक्के. शिवाय मोडकळीस आलेल्या घरावर कर्ज देताना बँका हात आखडता घेतात. तुमच्या यजमानांचे लक्ष म्हणूनच वाकडच्या फ्लॅटकडे वळले असावे, असा माझा तर्क आहे.

दुसरी अडचण पैशांच्याही आधीची आहे. बेटावर फिरताना तुम्हाला बंद घरे दिसली असतील आणि ती सगळी विकाऊ आहेत असे वाटले असेल. आपल्या कोकणात जसे कुलूप लागलेले घर दिसते, पण सात-बाऱ्यावर मुंबईतल्या सहा चुलत भावंडांची नावे असतात आणि त्यांतला एक जण सहीला कधीच येत नाही, तशीच गत तिकडेही आहे. फक्त ती भावंडे ग्लासगोत किंवा अमेरिकेत असतात. उरलेल्या घरांपैकी कितीतरी उन्हाळी सुट्टीसाठी राखलेली असतात. त्यामुळे घर पसंत करण्याआधी त्याची मालकी निर्वेध आहे का, हे वकिलाकडून तपासून घेणे आवश्यक आहे. डोनेगल काउंटी कौन्सिलमध्ये रिकाम्या घरांचे काम पाहणारा स्वतंत्र अधिकारी असतो, ज्याला तेथे व्हेकंट होम्स ऑफिसर म्हणतात. यजमानांनी आणखी एखादा व्हिडिओ पाहण्यापूर्वी त्याला फोन करावा, ही माझी पहिली सूचना आहे.

आता तुमच्या नोकरीकडे वळते, कारण ‘नर्सला कुठेही काम मिळतं’ हे वाक्य मला त्या आकड्यापेक्षाही जास्त खटकले. अरनमोरची लोकसंख्या पाचशेच्या आतली आहे. तेथे आरोग्य केंद्र आहे, पण एवढ्याशा वस्तीत परिचारिकांच्या जागा किती असणार? त्या रिकाम्या कधी होतील हेही कोणी सांगू शकत नाही, आणि पब्लिक हेल्थ नर्सची जागा असेल तर त्यासाठी वर्षभराचा वेगळा अभ्यासक्रम आणि नर्सिंग बोर्डाकडे वेगळी नोंदणी लागते. बेटाची बोट मुख्य भूमीवर जिथे लागते त्या बर्टनपोर्टच्या धक्क्यापासून जवळच डंग्लो गावात छोटे सामुदायिक रुग्णालय आहे. तेथे जागा निघाली तर ती तुमच्यासाठी सर्वांत सोयीची ठरेल. मोठे रुग्णालय लेटरकेनीला, म्हणजे बोटीनंतर मोटारीने साधारण तासाभराच्या अंतरावर. बारा-साडेबारा तासांची पाळी सकाळी आठच्या आधी सुरू होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. बेटावरून निघून ती पाळी गाठणे आणि रात्री परतणे हे रोजचे होऊ शकत नाही. आठवड्यातल्या तीन पाळ्यांसाठी तुम्हाला लेटरकेनीत खोली घ्यावी लागेल आणि त्या रात्री मुलगी वडिलांजवळ राहील. हे तुमच्या यजमानांनी कागदावर मांडले आहे का? मांडले नसेल, तर त्यांच्या बेतात तुमची नोकरी धरलेलीच नाही, आणि ही गोष्ट तुम्ही त्यांना शांतपणे पण स्पष्ट शब्दांत सांगावी.

त्यांच्या स्वतःच्या नोकरीबद्दलही एक प्रश्न आहे. आयर्लंडमध्ये घरून काम करू द्यावे अशी विनंती करण्याचा हक्क कायद्याने मिळालेला आहे, पण तो विनंतीपुरता आहे. मालकाने विचार करून, कारणे देऊन नकार दिला तर तो चालतो. चार दिवस घरून आणि एक दिवस कार्यालयात ही व्यवस्था डब्लिनच्या उपनगरातून सहज जमते. अरनमोरहून तोच एक दिवस म्हणजे पंधरा-वीस मिनिटांची बोट आणि मग चार तासांची मोटार, किंवा कॅरिकफिनच्या छोट्या विमानतळावरून विमान. बेटावर २०१९ पासून इंटरनेटसह बसून काम करण्याचे केंद्र आहे, त्यामुळे कामाच्या जागेची अडचण नाही. अडचण आहे ती कंपनीने पाचही दिवसांची परवानगी लेखी देण्याची. ती हातात नसताना घर घेणे म्हणजे आपल्या साहेबाच्या मर्जीवर घर बांधणे होय.

हे सगळे वाचून मी तुमच्या बाजूने निकाल देते आहे असे तुम्हाला वाटेल, तर तेही तितकेसे खरे नाही. तुमच्या यजमानांच्या वेडात तथ्य आहे. अरनमोरच्या रहिवाशांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांना उद्देशून खुले पत्र लिहिले होते आणि आमच्याकडे राहायला या, असे जाहीर आवाहन केले होते. त्यामागची निकड खरी होती. केरीच्या किनाऱ्याजवळचे ग्रेट ब्लॅस्केट बेट १९५३ मध्ये सरकारला रिकामे करावे लागले. तरुण निघून गेले, म्हातारे उरले आणि वादळात डॉक्टरही पोहोचू शकत नव्हता. तसे पुन्हा होऊ नये म्हणून ही धोरणे आहेत. शाळेत किती शिक्षक राहतील हे मुलांच्या संख्येवर ठरते, त्यामुळे बेटावर आलेले प्रत्येक मूल मोजले जाते. नीट पाहिले तर बेटाला यजमानांच्या लॅपटॉपपेक्षा तुमची आणि तुमच्या मुलीची गरज अधिक आहे. तुम्ही कोणाच्या मागून फरफटत जाणारी व्यक्ती नाही, हे आधी तुम्ही स्वतः लक्षात घ्यावे.

मुलीच्या बाबतीत तर मला फारशी भीती वाटत नाही. अरनमोर हा आयरिश भाषकांच्या टापूत मोडतो आणि शाळेत आयरिश चालते. तुम्हा दोघांना ती भाषा येत नाही, पण आयर्लंडच्या प्राथमिक शाळांत ती सर्वांनाच शिकवतात, म्हणजे तुमच्या घरात बेटाची भाषा थोडीबहुत समजणारी एकमेव व्यक्ती पहिलीत आहे. बेटावर माध्यमिक शाळाही आहे, जी अनेक बेटांवर नसते. तुमचे स्वतःचे काय होईल, हा प्रश्न जास्त अवघड आहे. डिसेंबरअखेर तेथे सकाळी नऊच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चारनंतर लगेच अंधारते. वादळी आठवड्यात बोट सुटत नाही, दुकानातले दूध-भाजी संपते, आणि कोणाला रात्री छातीत दुखू लागले तर लाइफबोट किंवा हेलिकॉप्टर बोलवावे लागते. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात देशभर सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती आणि पश्चिम व वायव्य भागांत ती यायला कित्येक दिवस लागले. तुम्ही ऑगस्टमधले चार दिवस पाहिले आहेत. त्या चार दिवसांवर वाकडचा फ्लॅट विकणे मला अजिबात मान्य नाही. शिवाय तो विकल्यावर भारतात भांडवली नफ्यावर कर लागेल, पैसा बाहेर आणण्याचे सोपस्कार करावे लागतील, आणि उद्या परतायचे ठरले तर त्या किमतीत तसे घर पुन्हा मिळणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की तुम्ही नाही म्हणू नये आणि हो देखील म्हणू नये. ‘एक हिवाळा भाड्याने राहून पाहू, तोपर्यंत काहीही विकायचे नाही आणि काहीही विकत घ्यायचे नाही’ असे म्हणावे. यासाठी तुमच्याजवळ एक साधन आहे, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. आयर्लंडमध्ये बारा वर्षांखालील मुलासाठी प्रत्येक पालकाला २६ आठवड्यांची बिनपगारी पालकत्व रजा मिळते आणि ती सलगही घेता येते. नोकरी शाबूत राहते. सूचना सहा आठवडे आधी द्यावी लागते. ही रजा मुलीच्या संगोपनासाठी असल्यामुळे त्या काळात दुसरीकडे नोकरी धरता येणार नाही, पण डंग्लो आणि लेटरकेनीला जाऊन चौकशी करायला, तिथल्या नर्सिंग मॅनेजरना भेटायला आणि बेटावरच्या आरोग्य केंद्रात ओळख करून घ्यायला कोणाची हरकत नाही. जानेवारीच्या आरंभापासून जूनअखेरपर्यंत २६ आठवडे होतात. त्यात सर्वांत वाईट हवाही येते आणि मुलीचे शालेय वर्षही पुरे होते. वर्षाच्या मध्यात शाळा बदलण्याचा त्रास तिला होईल, मात्र या वयात तो झेपण्यासारखा आहे.

याचा खरा खर्च डब्लिनच्या भाड्याचा आहे. ते घर सोडले तर परत तसे मिळणार नाही, आणि ठेवले तर सहा महिन्यांचे १३,५०० युरो जातील, शिवाय बेटावरचे भाडे वेगळे आणि तुमचा पगार बंद. घरमालकाची लेखी परवानगी घेऊन सहा महिन्यांसाठी पोटभाडेकरू ठेवता आला तर भार बराच हलका होईल. नाहीच जमले, तर ही रक्कम साठवणीतून काढण्याची यजमानांची तयारी आहे का, ते पाहा. जो माणूस फ्लॅट विकायला तयार आहे त्याला १३,५०० युरो जड वाटू लागले, तर त्याचे बेटावरचे प्रेम किती खोल आहे याचा अंदाज तुम्हाला जागच्या जागी येईल.

‘तुझ्यामुळे राहिलं’ या वाक्याचीही भीती बाळगू नका. सहा महिने सोबत राहून, बोट चुकवून, अंधारात मुलीला शाळेत सोडून जो निर्णय होईल तो दोघांचा असेल. त्यानंतरही ते वाक्य ऐकू आले, तर तुमच्या दोघांमधला प्रश्न घराचा नाही असे समजून मला पुन्हा लिहा.

भाड्याच्या घराची चौकशी मात्र आत्ताच सुरू करा. उन्हाळी पाहुण्यांची घरे सप्टेंबरनंतर रिकामी होतात आणि मालक ती हिवाळ्यापुरती द्यायला तयार असतात, पण पाहुण्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, बहुधा मे महिन्यात, ती परत मागतात. तुम्हाला जूनअखेरपर्यंतची मुदत लागणार आहे, तेव्हा ती बोलणी करताना पहिल्याच फोनवर सांगा आणि करारात लिहून घ्या.