वाचक विचारतात : शेजारच्याने आपलं दप्तर तपासलं तर?

मागच्या अंकात ग्रामसभेवर लिहिताना एक वाक्य सहज टाकून दिलं होतं, की आफ्रिकेत देशच एकमेकांचा कारभार तपासतात आणि आपल्याकडे शेजारच्या गावाला आपण आपल्या विहिरीत डोकावूही देत नाही. त्या एका ओळीवर जेवढे मेसेज आले तेवढे अख्ख्या लेखावर नाही आले. म्हणून या वेळी कापूस, केळी, पीकविमा सगळं बाजूला ठेवलंय.

देश देशाला तपासतो म्हणजे नक्की करतो काय? आणि तपासणारा पण राष्ट्राध्यक्ष, ज्याला तपासायचं तो पण राष्ट्राध्यक्ष, मग हे चोर चोर मावसभाऊ नाही का?
(एक माजी उपसरपंच, रावेर तालुका)

नाना, मावसभाऊ जरा थांबू द्या, आधी पद्धत सांगतो. याचं नाव आफ्रिकन पीअर रिव्ह्यू मेकॅनिझम. पीअर म्हणजे आपल्या बरोबरीचा. मार्च २००३ मध्ये नायजेरियातल्या अबुजाला हे ठरलं आणि सक्ती कोणावरच नाही, ज्याला तपासून घ्यायचंय त्याने सही करायची. आज आफ्रिकन युनियनच्या ५५ पैकी ४० च्या वर देश त्यात आहेत. आधी देशाने स्वतःच स्वतःचा पेपर लिहायचा, भली मोठी प्रश्नावली असते, राजकारण-निवडणुका, सरकारी पैसा, कंपन्यांचा कारभार आणि शाळा-दवाखाना-पाणी असे मूळ चार भाग. मग दुसऱ्या देशांतल्या जाणत्या माणसांचं एक मंडळ आहे, त्यातला एक जण टीम घेऊन येतो, मंत्र्यांना भेटतो, विरोधकांना, व्यापाऱ्यांना, साध्या लोकांना भेटतो आणि आपला वेगळा रिपोर्ट लिहितो. सरकारला त्यात खाडाखोड करता येत नाही, नसेल पटत तर आपलं म्हणणं मागे जोडायचं. शेवटी सगळे राष्ट्राध्यक्ष बंद दाराआड बसतात, ज्याचा नंबर असेल त्याला विचारतात, आणि त्यानंतर काही महिन्यांत रिपोर्ट लोकांसमोर ठेवायचा, असा नियम.

पहिला नंबर घानाने लावला, जानेवारी २००६ ला सुदानमधल्या खार्टूममध्ये त्यांची सुनावणी झाली. घानाचं मला एक फार आवडलं. देशातलं काम बघायला सात जणांची कमिटी केली आणि त्यात मंत्री एकही घेतला नाही, वर चार भागांचा अभ्यास चार वेगवेगळ्या संस्थांना वाटून दिला. एकानेच सगळं लिहिलं की सगळं छानच निघतं, हे आपल्याला काय नवीन सांगायचं. तर रिपोर्टने त्यांना तोंडावर सांगितलं की बाबांनो, ८८ मंत्री फार होतात. त्यांची अख्खी संसद तेव्हा २३० जणांची! आपल्याकडे १५ टक्क्यांची अट आहे म्हणून २८८ आमदारांमागे ४३ च्या वर मंत्री करता येत नाहीत, नाहीतर आपण काय मागे राहिलो असतो का भो.

आता मावसभाऊ. शंका रास्त आहे, कारण कमी पडलास म्हणून शिक्षा कोणी कोणाला करत नाही. माली आणि बुर्किना फासो, दोघांची तपासणी झालेली होती, तरी मालीत २०२० ला आणि बुर्किनात २०२२ ला लष्कराने खुर्ची घेतलीच. पण निव्वळ एकमेकांची पाठ खाजवायची असती तर केनियाबद्दल जे लिहिलं ते लिहिलंच गेलं नसतं. तिथे टीम घेऊन ग्रासा माशेल गेल्या होत्या, मोझांबिकच्या माजी शिक्षणमंत्री, नेल्सन मंडेलांच्या पत्नी. २००६ च्या त्या रिपोर्टमध्ये होतं की जमातीजमातींतला ताण आणि जमिनीचे जुने वाद आत धुमसताहेत, याकडे बघा. डिसेंबर २००७ ला निवडणूक झाली, निकालावरून पेटलं, हजाराच्या वर माणसं मेली, लाखो लोक घरदार सोडून पळाले. दक्षिण आफ्रिकेचंही तेच. २००७ च्या रिपोर्टने म्हटलं, बाहेरच्या देशांतून पोट भरायला आलेल्यांबद्दलचा राग वाढतोय. सरकार म्हणालं, असं काही नाही. मे २००८ ला जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतून दंगल सुरू झाली आणि ६२ जण गेले. नाडी बरोबर पकडली होती, औषध कोणी घेतलं नाही.

वाचून वाईट वाटलं. म्हणजे खरा रिपोर्ट सुद्धा कपाटातच जातो. मग एवढा खटाटोप कशाला?
(एक शिक्षिका, अमळनेर)

ताई, तुम्ही शाळेत आहात म्हणून शाळेचंच सांगतो, युगांडातलं. तिथलं सरकार प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे अनुदान देत होतं, पगार सोडून बाकी खर्चाला. वरून पैसा निघाला की जिल्ह्याकडे जायचा आणि जिल्ह्याकडून शाळेत यायचा. कागदावर सगळं व्यवस्थित, ऑडिटही होत असणार. १९९६ मध्ये २५० शाळांमध्ये प्रत्यक्ष जाऊन वह्या बघितल्या तर १९९१ ते १९९५ या काळात शाळेपर्यंत पोचलेला पैसा सरासरी १३ टक्के. शंभरातले तेरा! बऱ्याच शाळांना तर दमडी मिळाली नव्हती, बाकीचा पैसा मधल्या मध्ये जिल्ह्याच्या पातळीवर जिरला.

मग केलं काय, तर फार मोठं काही नाही. कोणत्या जिल्ह्याला या महिन्यात किती पैसे पाठवले हे वर्तमानपत्रात छापायला लागले आणि शाळेला किती आले हे शाळेच्या दारावर लावायची सक्ती केली. २००१ पर्यंत ८० टक्क्यांच्या वर पैसा पोचायला लागला, आणि पेपर जिथे सहज मिळायचा तिथल्या हेडमास्तरांनी जास्त पैसा पदरात पाडून घेतला. आता, सगळं श्रेय पेपरला देऊ नका असंही काही अभ्यासक म्हणतात, त्याच काळात पैसे वाटायची पद्धतही बदलली होती, फी माफ झाल्याने पालकही जागे झाले होते. असेल. पण पैसे निघाल्याची तारीख हेडमास्तरला माहीत असणं आणि नसणं यात फरक पडतोच ना, हे तुम्हाला मी काय सांगू.

मी मागे एका शाळेत गेलो होतो, नाव नको. व्हरांड्यात भिंतीवर ऑइलपेंटने काळा चौकोन रंगवलेला, वर झोकात लिहिलंय ‘प्राप्त अनुदान व खर्च’. खाली रकाने आखलेत, तारीख, तपशील, रक्कम. आणि आत काहीच नाही. खडूचा एक डाग सुद्धा नाही. सर म्हणाले, तपासणीला फळा पाहिजे होता, फळा आहे!

मी एमपीएससी करतोय. मो इब्राहिम इंडेक्स आणि हे पीअर रिव्ह्यू एकच का?
(एक विद्यार्थी, धुळे)

नाही रे दादा. पीअर रिव्ह्यू ही सरकारांची आपसातली तपासणी, तिथे क्रमांक नसतो. इंडेक्स हा मो इब्राहिम या सुदानी-ब्रिटिश उद्योगपतीच्या संस्थेचा, मोबाइलच्या धंद्यात कमावलेला पैसा. २००७ पासून चालू आहे, तिथे आफ्रिकेतल्या देशांना कारभाराबद्दल मार्क आणि नंबर मिळतो. मॉरिशस वर्षानुवर्षे पहिला होता, २०२४ च्या यादीत सेशेल्स वर गेला. त्यांचं एक बक्षीसही आहे, मुदत संपल्यावर मुकाट खुर्ची सोडणाऱ्या चांगल्या माजी राष्ट्रप्रमुखाला दहा वर्षांत मिळून ५० लाख डॉलर. पहिलं २००७ ला मोझांबिकच्या जोआकिम चिसानोंना मिळालं. पण कित्येक वर्षं लायक माणूसच नाही म्हणून ते कोणालाच दिलेलं नाही, आणि मला तरी न दिलेली वर्षंच जास्त बोलकी वाटतात.

आम्हाला रोज टार्गेट, रोज ऑनलाइन फोटो, रोज व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स). तिकडे पण असंच का?
(एक ग्रामसेवक, साक्री तालुका)

भाऊसाहेब, तुमच्यासाठी रवांडा आहे. तिथे ‘इमिहिगो’ नावाचा प्रकार आहे, शब्द जुना, चारचौघांत छाती ठोकून केलेली प्रतिज्ञा असा अर्थ. २००६ पासून जिल्ह्याचा महापौर थेट राष्ट्राध्यक्षांबरोबर कागदावर सही करतो की या वर्षी एवढे रस्ते, एवढे आरोग्य विम्याचे लोक, एवढं पीक. वर्षाअखेर तपासणी आणि जिल्ह्यांची क्रमवारी सगळ्या देशासमोर वाचायची. कामं झाली हे खरं आहे, पण टार्गेट वरून खाली उतरता उतरता शेवटी माणसाच्या दारात येऊन उभं राहतं, लोकांवर जबरदस्ती झाली आणि आकडे फुगवले गेले अशी टीकाही झाली. बघा, तुमच्या व्हीसीची आठवण आली का? पीआरसी, म्हणजे आमदारांची पंचायत राज समिती, तपासायला येणार म्हटल्यावर आपल्या कोणत्याही झेडपीत रात्री दोनपर्यंत दिवे जळतात आणि तीन वर्षांची इतिवृत्तं एकाच पेनाने, एकाच शाईने लिहून होतात, ते मी कोणाला सांगत नाही.

हे सगळं मोठ्या लोकांचं झालं. आम्हले कोनी इचारस का?
(एक ताई, शहादा)

इचारतस ताई, आणि मला या सगळ्यात तेच जास्त भावतं. अफ्रोबॅरोमीटर म्हणून एक सर्व्हे आहे, १९९९ मध्ये १२ देशांत चालू झाला, आता ३५ च्या वर देशांत होतो. दर देशात १२०० किंवा २४०० माणसं, फोनवर नाही, घरी जाऊन, आणि तो माणूस म्हणेल त्या भाषेत. म्हणजे आपल्याकडे केला तर तुम्हाला अहिराणीत विचारावं लागेल, पावरीत, भिलीत विचारावं लागेल, पुण्याचं मराठी चालायचं नाही. घरं ठरावीक अंतर सोडून घ्यायची, सरपंच दाखवेल ती नाही. एक मुलाखत बाईची झाली की पुढची माणसाची, म्हणजे नवऱ्याने ‘तिला काय कळतंय, मला विचारा’ म्हटलं तरी भागत नाही. घरात कोणाशी बोलायचं ते सुद्धा चिठ्ठी काढावी तसं ठरतं.

प्रश्न कसे, तर वर्षभरात घरात खायला नव्हतं असं किती वेळा झालं, पाणी नव्हतं असं किती वेळा, पोलिसांकडून किंवा दवाखान्यात काम करून घ्यायला पैसे चारावे लागले का. आणि विचारणारा आपल्या डोळ्यांनी वेगळं टिपून ठेवतो की या वस्तीत वीज आलीय का, नळ आहे का, इथे यायला रस्ता कसा होता. सगळं झाल्यावर अगदी शेवटी एक प्रश्न असतो : आम्हाला कोणी पाठवलं असं तुम्हाला वाटतं?

त्याने आल्या आल्या सांगितलेलं असतं की मी सरकारचा नाही. तरी पुष्कळ जण उत्तर देतात, सरकारने.