आतडं नॉर्मल, मग लॅक्टेज कमी कसं?

प्रश्न: माझ्या १४ वर्षांच्या मुलीला दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात. एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे तुकडे घेतले. एक रिपोर्ट म्हणतो आतडं नॉर्मल, दुसरा म्हणतो लॅक्टेज खूपच कमी. खरं काय मानायचं? आणि तुकडे दोन वेगळ्या बाटल्यांत का टाकले?

उत्तर: ताई, दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, घाबरून जाऊ नका. लॅक्टेज म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम. मायक्रोस्कोपखाली दिसते ती फक्त रचना, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात ना, व्हिलाय म्हणतात त्यांना, ते नीट उभे आहेत की झिजून सपाट झालेत एवढंच. त्यांच्यावरचं लॅक्टेज काम करतंय का हे बघून कळत नाही, त्याला काम देऊनच बघावं लागतं.

म्हणून दोन बाटल्या. फॉर्मॅलिनमध्ये तुकड्याची रचना टिकते पण एन्झाइम निकामी होतं, त्यामुळे दुसरा तुकडा कोरड्या ट्यूबमध्ये टाकून लगेच गोठवतात. टाचणीच्या डोक्यापेक्षा जरासाच मोठा असतो तो! लॅबमध्ये तो थंड असतानाच वाटून बारीक करतात, त्यात लॅक्टोज घालून ३७ अंशांवर साधारण तासभर ठेवतात आणि किती ग्लुकोज सुटलं ते मोजतात. तुकडे लहानमोठे असतात म्हणून आकडा प्रोटीनच्या हिशोबात देतात. डालक्विस्ट या संशोधकांनी १९६४ मध्ये मांडलेली ही पद्धत अजूनही वापरात आहे. त्याआधी १९५७ मध्ये क्रॉसबी कॅप्सूल आली होती, नळीला बांधलेली कॅप्सूल गिळायची, ती आतड्यात पोचेपर्यंत तासन्‌तास थांबायचं आणि मग आतलं पातं तुकडा कापायचं, पेशंटचे काय हाल होत असतील!

आता रिपोर्ट पुन्हा काढा आणि लॅक्टेजच्या खालचे सुक्रेज, माल्टेज या दुसऱ्या साखरा पचवणाऱ्या एन्झाइम्सचे आकडे बघा, कारण नुसत्या लॅक्टेजवरून काहीच ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. ते दोन्ही चांगले असतील आणि व्हिलायही शाबूत असतील, तर वयाबरोबर लॅक्टेज कमी होण्याचा हा जन्मजात कल असण्याची शक्यता जास्त, जगात बहुतेकांचं असंच होतं. सीलिअ‍ॅकसारख्या, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडतं अशा आजारात अस्तर झिजलं की सगळेच आकडे पडतात, त्यातही लॅक्टेज लवकर पडतं आणि उशिरा सावरतं. आणि व्हिलाय छान असूनही सगळेच आकडे कमी असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा, तुकडा गोठवायला उशीर झाला होता का, वाटेत वितळला होता का.